डब्यात काय आहे, ओळखा!

मित्रमैत्रिणींनो, आज गप्पांच्या आधी एक कोडं घालते.

एक डबा आहे. झाकण घट्ट लावलेलं. हलवला तर आवाज येत नाही. आतलं गोड आहे, पण तळलेलं नाही. दुकानातून आणलेलं नाही. गव्हाचं नाही, रव्याचं नाही, बेसनाचंही नाही. सांगा पाहू काय असेल?

नाही येत? हरकत नाही. आम्हालाही आलं नव्हतं! उत्तर पुढे सांगते. शेवटची ओळ आधी वाचायची नाही, बरं का!

ही गोष्ट आमच्या मालेगावची. मालेगाव म्हटलं की सगळ्यांना नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं मालेगाव आठवतं. आमचं मालेगाव वेगळं. वाशीमहून अकोल्याकडे निघालात की वाटेत लागतं. आज ते वाशीम जिल्ह्यात आहे. पण वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. मी तुमच्याएवढी होते तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातले होतो. आजूबाजूला शेतं, जवळच शिरपूरचं प्रसिद्ध जैन मंदिर, आणि भाद्रपदाची पौर्णिमा आली की गल्लीगल्लीत भुलाबाई!

पुण्या-साताऱ्याकडच्या मुलींना भोंडला किंवा हादगा माहीत असेल. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा. आमची भुलाबाई त्याच घरातली बहीण म्हणा ना. पण आमच्याकडे हत्ती नसतो. मातीच्या रंगीत मूर्ती असतात, भुलोजी आणि भुलाबाई. म्हणजे शंकर-पार्वतीच. भुलोजीच्या डोक्याला फेटा, भुलाबाईला झगझगीत रंगाचं लुगडं. काही मूर्तींत मांडीवर छोटा गणपतीही बसलेला असतो. आणि हे पाहुणे नऊ दिवसांत परतत नाहीत. भाद्रपद पौर्णिमेला येतात ते थेट कोजागिरीपर्यंत, चांगला महिनाभर राहतात! पार्वती माहेरी आली आहे ना, मग इतक्या लवकर कशी जाईल?

रोज संध्याकाळी शाळेचं दप्तर टाकलं की आम्ही दहाबारा जणी टिपऱ्या घेऊन निघायचो. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. मूर्तीसमोर बसून टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणायची आणि गाणी संपली की खिरापत. पण खिरापत अशी सहज मिळायची नाही. ज्या घरची पाळी असेल ती मुलगी झाकलेला डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "ओळखा!"

मग काय गोंधळ! आधी डबा हलवून बघायचा. लाडू असले तर गडगडतात. चिवडा सळसळतो. फुटाणे खुळखुळतात. शिरा मात्र गप्प बसतो. हुशार आया डब्यात मुद्दाम फडकं घालायच्या, म्हणजे लाडूसुद्धा मुके! मग प्रश्न सुरू. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? घरचं की दुकानातलं? फळ आहे का?

गणिताची आवड असणाऱ्यांनी इथे जरा लक्ष द्या. प्रत्येक प्रश्न असा विचारला की निम्मे पदार्थ बाद होतील, तर एका प्रश्नात दोन पदार्थांतला एक ओळखता येतो, दोन प्रश्नांत चारांतला एक, आणि दहा प्रश्नांत १,०२४ पदार्थांतला एक! आम्हाला हे गणित ठाऊक नव्हतं. पण "लाडू आहे का? करंजी आहे का?" असं एकेक नाव घेत बसणारी हरते, आणि "तळलेलं आहे का?" असं विचारणारी जिंकते, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

गाणीही मोठी गमतीची. तुमच्या लक्षात आलंय का, या गाण्यांत एक ओळ कायम राहते आणि एखादाच शब्द बदलतो. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला, तर म्हणते, आता त्याला कारली येऊ दे. मग भाजी कर, मग जेव, मग भांडी घास. सुनेचं माहेर काही जवळ येत नाही! एवढं मोठं गाणं, पण पाठ करायला अजिबात कष्ट नाहीत. कामांचा क्रम लक्षात ठेवला की झालं. आणि सात वर्षांची चिमुरडीसुद्धा त्यात आपलं एक काम घुसडून देऊ शकते. आमच्या गल्लीतल्या सुनेला आम्ही चक्कीवरून दळण आणायलाही पाठवलं होतं! अशी गाणी कोणा एका कवीनं लिहिलेली नसतात. हजारो मुलींनी आणि बायांनी थोडी थोडी करून ती वाढवलेली असतात.

आता त्या कोड्याच्या डब्याकडे येऊ.

आमच्यात एक मुलगी होती. तिचं नाव नाही सांगत. तिचे वडील एका शेतकऱ्याकडे सालदार होते. म्हणजे वर्षाचा पगार ठरवून वर्षभर त्याच्याच शेतात राबायचं. ती रोज यायची, पण तिच्या घरची पाळी काही ना काही कारणानं पुढे जायची. कधी आई बरी नसायची, कधी पाहुणे असायचे. आम्ही त्याचा फार विचार केला नाही.

एकदा मात्र तीच म्हणाली, "उद्या आमच्या घरची खिरापत." घर लहान होतं म्हणून गाणी आमच्याच ओसरीत म्हटली. गाणी संपली आणि तिनं जर्मनचा एक डबा पुढे केला. हलवला, तर गप्प. प्रश्न झाले. गोड? हो. तळलेलं? नाही. शिरा? नाही. बेसन? नाही. आमची सगळी नावं संपली. अख्ख्या महिन्यात प्रथमच कुणालाही खिरापत ओळखता आली नाही. तिचा चेहरा असा फुलला होता! खेळाच्या नियमानं ती जिंकली होती.

तिनं झाकण काढलं. आत ज्वारीच्या भाकरीचा मलिदा होता. शिळी भाकरी बारीक कुस्करून, त्यात गूळ मिसळून, त्याचे छोटे लाडू वळलेले.

"अगं बाई, ही तर शिळी भाकर!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खदाखदा हसल्या.

त्या हसणाऱ्यांत मीही होते.

तिनं काही न बोलता झाकण लावलं आणि डबा उचलून ती निघून गेली. माझी आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती कधी रागवायची नाही. पण त्या दिवशी म्हणाली, "कायले हासता वं पोरीहो? गान्यातल्या सुनेले सासू माहेरी जाऊ देत नाई म्हून रोज डोये ओले करता. अन् खरी पोर समोर उभी राह्यली तं तिच्या डब्याले हासता? मंग त्या गान्याचा उपेग काय?"

ओसरीत कुणी बोलेना.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग आजीनं मला पाठवलं. "माफी माग" असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली, "तिच्या मायले इचार, मलिदा कसा करते. मले नाई जमत तसा."

मी गेले. पाय जड झाले होते. तिच्या आईनं मला पाट दिला आणि माझ्यासमोर मलिदा केला. भाकरी दोन्ही तळव्यांत इतकी बारीक चोळायची की एकही गुठळी राहू नये. गूळ किसून घ्यायचा. चिमूटभर सुंठ घालायची. थोडं तेल कोमट करून वरून सोडायचं आणि गरम असतानाच लाडू वळायचे. मी एक खाल्ला. मग दुसराही खाल्ला. मैत्रीण दाराशी उभी राहून पाहत होती. मला काही तरी बोलायचं होतं, पण शब्दच फुटेना. शेवटी तिनंच विचारलं, "तुह्या घरी आता कोनी हासन का?"

मी मान हलवली. नाही.

कोजागिरीला ती आली. ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा केला होता, त्यात भुलोजी-भुलाबाई बसवले होते, चुलीवर दूध आटत होतं. त्या रात्री तिनं एक नवीन गाणं म्हटलं. तिच्या आईनं आपल्या माहेराहून आणलेलं. आमच्यापैकी कुणालाच ते येत नव्हतं. चंद्र डोक्यावर येईपर्यंत ते आम्ही तिच्याकडून शिकलो. ती एक ओळ सांगायची, आम्ही मागून म्हणायचो. मलिद्याचे लाडूही होते त्या रात्री. आजीनं केले होते, पण तिच्या आईसारखे काही जमले नव्हते!

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढचंही सांगायला हवं.

काही दिवसांपूर्वी माझी भाची म्हणाली, "मावशी, ते कोजागिरीचं गाणं शिकव ना." मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. चार कडवी झाली आणि मी अडकले. पुढचं आठवेचना! मैत्रिणीला फोन केला. तिला आणखी दोन आठवली. मधलं एक कडवं मात्र दोघींनाही आठवत नाही. तिची आई आता नाही. मग त्या रात्री शिकलेल्या दहाबारा जणींपैकी जेवढ्या सापडल्या तेवढ्यांना विचारलं. नाही. आमच्यापुरतं तरी ते कडवं गेलंच. ते लिहून ठेवायला आम्हाला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

म्हणून तर काही माणसांनी अशी गाणी जमवण्यात वर्षानुवर्षं घालवली. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केलं. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्रभरचं लोकसाहित्य मिळवून छापलं. हेमा राइरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या! त्या ओव्या कुणी गायल्या? शेतात राबणाऱ्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायांनी. आमच्या मैत्रिणीच्या आईसारख्याच.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. शेजारच्या तेलंगणात बतुकम्मा असते. फुलांचे थर रचून त्याचा उंच डेरा करतात, बायका त्याच्याभोवती गातात आणि मग घरून आणलेलं खाणं वाटून खातात. माळव्यात आणि राजस्थानात मुली भिंतीवर शेणाची आणि फुलांची सांझी काढतात आणि तिच्यापुढे गाणी म्हणतात. पाऊस सरत आला, पिकं तयार होऊ लागली की मुलींनी जमावं, काही तरी हातानं करावं, गावं आणि मिळून खावं, हे किती ठिकाणी सुचलं पाहा! यात स्टेज नाही, तिकीट नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. जी येते ती गातेच.

आता आमच्या भागात ज्वारी कमी झाली, सोयाबीन वाढलं. कोजागिरीला धांडे शोधत फिरावं लागतं. गल्लीतल्या मुलींनाही शिकवणीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. त्याबद्दल कुणाला रागवून उपयोग नाही. पण एक वही तर आपण घालू शकतो ना?

या रविवारी आजीजवळ, आईजवळ, शेजारच्या काकूंजवळ बसा. भुलाबाई, भोंडला, गुलाबाई, जे काही त्यांच्याकडे असेल त्यातलं एक गाणं विचारा. ते म्हणतील तसंच लिहा. 'डोये' म्हणाल्या तर 'डोये'च लिहायचं, 'डोळे' करायचं नाही. खाली लिहा : कुणी सांगितलं, त्यांचं माहेर कुठलं, त्यांना कुणी शिकवलं, आणि त्यांच्या घरी खिरापत काय असायची. मुलग्यांनो, तुम्हीही! आमच्या वेळी तुम्ही दाराआडून खिरापतीवर डोळा ठेवायचात, एवढंच. आता वही धरा.

आणि आईबाबांना एक विनंती. मुलांच्या डब्यात काय द्यायचं ते तुम्ही ठरवताच. पण दुसऱ्याच्या डब्याकडे कसं बघायचं, हे मुलं तुमच्याकडे बघूनच शिकतात. मला ते आजीनं शिकवलं, तेही मी चुकल्यावर.

वहीत पहिलं गाणं उतरलं की मला जरूर कळवा. आणि कुणाच्या आजीला आमचं ते हरवलेलं कडवं येत असलं, तर मलिद्याचे दोन लाडू माझ्याकडून पक्के!