कळसूबाईला जायचं, पण दर्शनाला नव्हे

शिरड शहापूरच्या आमच्या गटाच्या गेल्या बैठकीत ठरलं, की जानेवारीत कळसूबाई चढायची. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. हे ठरायला पाच मिनिटं लागली. पुढचे दोन तास गेले ते एकाच प्रश्नावर : घरी काय सांगायचं?

एकजण म्हणाली, "त्यात काय? वर देवीचं देऊळ आहे. दर्शनाला जातो म्हणायचं. कोण अडवतंय?"

खरं आहे. औंढ्याला नागनाथाला किंवा पंढरपूरला निघालं तर सासूसुद्धा "माझंही फूल वाहा" म्हणून निरोप देते. पण "डोंगर चढायला जाते" म्हणा, की लगेच प्रश्न येतो, "तिथं तुझं काय काम?" बाईनं घराबाहेर पडायला कारण लागतं. देव, लग्न, बाळंतपण, मयत, दवाखाना. नवरा मित्रांबरोबर दोन दिवस कुठंही जाऊन येतो, त्याला कारण विचारलं जात नाही.

माझं मत त्या बैठकीत मी मांडलं, इथंही मांडते. देवीचं नाव पुढं करू नये. आज दर्शन म्हणून सुटलो, तर उद्या नुसत्या हौसेनं जाणारीला वाट बंदच राहील. मात्र खरं सांगण्याचा भार एकेकीवर टाकायचा नाही. जिच्या घरी खरं सांगितल्यावर मार बसेल, तिला धीट हो म्हणणं सोपं असतं, ऐकून घेणं नाही. म्हणून चौघी-पाचजणींनी मिळून प्रत्येकीच्या घरी जायचं आणि गटाचा कार्यक्रम म्हणून सांगायचं, असं आम्ही ठरवलं. तरीही एखादी दर्शनाचंच सांगून आली, तर तिला कमी लेखायचं नाही.

कळसूबाईची गोष्ट तरी काय आहे? सांगतात ती अशी. कळसू ही कोळ्याची पोर. दुसऱ्याच्या घरी कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तीच कामं तिच्या गळ्यात पडली. ती घर सोडून डोंगरावर गेली ती कायमची. अट मोडली म्हणून निघून गेलेल्या मुलीचं लोकांनी देऊळ बांधलं. पण आपल्या घरातल्या पोरीनं तशी अट घातली, तर?

बाकीची तयारीही बायकांच्या दिवसाकडे बघूनच करावी लागते. सोयाबीन, कापूस वेचणी आटोपलेली आणि हळद काढायची-शिजवायची धांदल सुरू व्हायची, म्हणून जानेवारी. मजुरी बुडते, त्याचा हिशेब आधी मांडायचा. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार. परभणीहून रेल्वेनं मनमाड-नाशिकमार्गे इगतपुरी, तिथून घोटीवरून पायथ्याचं बारी गाव. मुक्काम आदल्या रात्री. रविवार टाळायचा, कारण लोखंडी शिड्यांवर गर्दी होते. उजाडताच चढायला लागायचं. चढाला तीन-चार तास, उतरायलाही जवळपास तेवढेच. दिवस लहान, म्हणून दुपारी बाराला जिथं असू तिथून परत फिरायचं. प्रत्येकीजवळ तीन लिटर पाणी, भाकरी, गूळ-शेंगदाणे. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. शिडीवर साडी पायात येते, तेव्हा पंजाबी ड्रेस बरा. त्यावरही घरोघरी बोलणं होईल. पाळी आली तर काय, आडोशाला कुठं जायचं, हेही मोकळेपणानं बोलून घ्यायचं. चालायचं ते सर्वांत हळू चालणारीच्या पायानं. सराव महिनाभर आधी, औंढ्याकडच्या टेकड्यांवर.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, मारहाणीच्या केसेस पडून आहेत, मजुरीचे प्रश्न आहेत, आणि तुम्हाला सहली सुचतात? पण मोकळा वेळ हाही हक्काचाच प्रश्न आहे. मोर्चाला बाई येते ती दुःख घेऊन. कधीतरी ती नुसती आनंदासाठी यावी आणि तेवढं कारण पुरेसं मानलं जावं, हे आपण मागणार की नाही?

जपानच्या जुन्को ताबेई १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचल्या. तिथं पोचणारी ती जगातली पहिली बाई. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर 'घरी बसून मुलं सांभाळा' असं त्यांनाही ऐकावं लागलं होतं. १९८४ मध्ये आपल्या बचेंद्री पाल तिथं पोचल्या. आमची उंची त्यापुढे काहीच नाही. पण त्या दिवशी घरी चूल कोण पेटवणार, हा प्रश्न सगळीकडे सारखाच.

तो आम्ही सोडवला नाही अजून. अकराजणींनी नावं दिली होती, आज आठ उरल्या आहेत. गळालेल्या तिघींच्या घरी या आठवड्यात जायचं आहे. मैत्रिणींनो, तुमच्या गावात असा बेत आखाल, तेव्हा डोंगराचा नकाशा नंतर काढा. आधी घरांची यादी करा.