डोळा आळशी नव्हता!



मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही मुलांचे डोळे तपासून घेतले. त्यात सहावीतला एक मुलगा होता, वय अकरा. दोन्ही डोळे उघडे असताना त्याने तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मग डॉक्टरांनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि मुलगा गप्प झाला. सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा त्याला सांगता येईना. डाव्या डोळ्याचा नंबर लहानपणापासूनच खूप जास्त होता. उजवा डोळा काम भागवत होता, म्हणून ना घरात कुणाच्या लक्षात आलं, ना शाळेत. डॉक्टर म्हणाले, "आळशी डोळा आहे. चार-पाच वर्षांचा असताना आणला असता तर सोपं होतं."

त्याची आई पहाटे चारला झाडू घेऊन कामाला निघते. तिने आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आळशी म्हणजे? अभ्यास करत नाही म्हणून का?"

हा लेख म्हणजे त्या आईला दिलेलं उत्तर आहे. आणि तिच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या आळशी म्हणत आलेल्यांनाही आहे.

आम्ही समाजशास्त्र शिकलेले लोक. पण मेंदूत दृष्टी कशी घडते याचं विज्ञान आम्ही गेले काही महिने वाचतो आहोत, आणि आमचं म्हणणं असं की आंबेडकरी तरुणांनी ते वाचलंच पाहिजे. ज्या 'मेरिट'चा दगड आपल्या डोक्यात रोज घातला जातो, तो दगड या विज्ञानाने साठ वर्षांपूर्वीच फोडला आहे.

मांजराच्या पिलाचा मिटलेला डोळा

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन शास्त्रज्ञ १९५८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एकत्र काम करू लागले आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डला गेले. मांजराच्या मेंदूत दृष्टीचं काम जिथे चालतं, तिथल्या एकेका चेतापेशीचे विद्युत संकेत ते टिपत होते. ठिपके दाखवून पेशी फारशा बोलत नव्हत्या. एकदा प्रोजेक्टरमध्ये काचेची पट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून सरकली आणि एक पेशी तडतडायला लागली. त्यातून कळलं की मेंदूतली एखादी पेशी उभ्या रेषेला प्रतिसाद देते, एखादी आडव्या, एखादी तिरक्या. अशा पेशींच्या जोडण्यांमधून आपल्याला दिसणारं जग उभं राहतं. म्हणजे दिसण्याचं काम एकट्या डोळ्याने होत नाही, त्यात मेंदूचा मोठा वाटा आहे.

मग १९६३ मध्ये त्यांनी पुढचे निष्कर्ष मांडले. नुकत्याच जन्मलेल्या पिलाची एक पापणी शिवून टाकायची, दोन-तीन महिन्यांनी टाके काढायचे आणि मेंदूत बघायचं. डोळा शाबूत, आतला पडदाही काम करणारा. पण मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या पेशी फक्त उघड्या राहिलेल्या डोळ्याचं ऐकत होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ मिटला तर काही बिघडत नव्हतं. याचा अर्थ, लहानपणी एक ठरावीक काळ असतो. त्या काळात जे मिळतं त्यावर मेंदूच्या जोडण्या ठरतात. पुढे माकडांवरच्या प्रयोगांत तर उघड्या डोळ्याच्या वाट्याचे पट्टे रुंद झालेले आणि मिटलेल्या डोळ्याचे आक्रसलेले स्पष्ट दिसले. एकाची जागा दुसऱ्याने बळकावली होती! या सगळ्या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. १९६५ मध्ये त्यांनी पिलांचे दोन्ही डोळे मिटून पाहिले. साध्या हिशेबाने नुकसान दुप्पट व्हायला हवं होतं. पण तसं झालं नाही. ती पिलं नीट पाहू लागली असं आम्ही म्हणत नाही, बऱ्याच पेशी बिघडल्या होत्या. तरीही एक डोळा मिटल्यावर त्या डोळ्याला प्रतिसाद देणारी पेशी सापडणं जितकं दुर्मीळ झालं होतं, तितकं इथे झालं नाही. निष्कर्ष असा की नुसत्या वंचनेने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान एकाला देऊन दुसऱ्याला नाकारल्याने होतं. शर्यत विषम असली की उघडा डोळा मिटलेल्याच्या वाट्याचंही खातो.

त्या मुलाच्या बाबतीत हेच घडलं. त्याच्या डाव्या डोळ्याने कामचुकारपणा केला नव्हता. त्याच्याकडून धूसर चित्र जात राहिलं, मेंदूने उजव्याला जागा दिली आणि डाव्याची जागा गेली. आणि नाव कोणाला पडलं? आळशी म्हणून त्या डोळ्यालाच! ज्याची जागा गेली त्यालाच दूषण देण्याची ही रीत आपल्याला नवी आहे का?

पण सावध राहा

इथे दोन माणसं आम्हाला अडवतील.

पहिला म्हणेल, मांजराच्या मेंदूवरून समाजाचे सिद्धांत काढता येत नाहीत. बरोबर आहे. जातिव्यवस्था चेतापेशींनी चालत नाही. ती माणसांनी बांधली, धर्मग्रंथांनी टिकवली, आणि तिचं विश्लेषण बाबासाहेबांनी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय करून ठेवलं आहे. आमचा मुद्दा मर्यादित आहे. 'बुद्धी जन्मजात असते, ज्याच्याकडे आहे तो वर जातो' हा दावा विज्ञानाच्या नावाने केला जातो. तो दावा करणाऱ्याला आम्ही त्याच विज्ञानाच्या दारात उभं करतो आहोत. डोळ्यासारख्या साध्या गोष्टीतसुद्धा जन्मजात देणगी पुरत नाही, वेळेवर मिळालेला उजेड लागतो. मग गणित, भाषा, विज्ञान यांतल्या यशाला निव्वळ जन्मजात गुणवत्ता कोणत्या तोंडाने म्हणता?

दुसरा माणूस आपल्यातलाच असतो. तो म्हणतो, बघा, हजारो वर्षं शिक्षण नाकारल्याने आपल्या मेंदूंचं कायमचं नुकसान झालं आहे, विज्ञानच सांगतं. साथींनो, हे बोलणं थांबवा! हा मनुवादच आहे, फक्त पांढरा कोट घालून आलेला. शिवलेल्या पापणीचा परिणाम त्या पिलाच्या मेंदूवर झाला, त्याच्या जातीच्या सगळ्या मांजरांवर नाही. प्रत्येक बाळ नव्या जोडण्या बांधायला तयार होऊनच जन्माला येतं. आणि उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. त्याचा पुरावा आपल्याच देशात मिळाला आहे.

अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा मूळचे दिल्लीचे. त्यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदू असलेली, पैशांअभावी वर्षानुवर्षं आंधळी राहिलेली उत्तर भारतातल्या गरीब घरांतली मुलं शोधायची, त्यांची मोफत शस्त्रक्रिया करायची आणि मग त्यांचा मेंदू पाहायला कसा शिकतो ते अभ्यासायचं. पाठ्यपुस्तकं म्हणत होती की आठ-दहा वर्षांनंतर फायदा नाही. पण ही मुलं शिकली. नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही, हे खरं. सुरुवातीला चित्रातली एक वस्तू कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं. वस्तू हलू लागली की मात्र कळायचं, आणि त्या आधारावर ती पुढे स्थिर चित्रंही ओळखू लागली. त्याआधी सिन्हांनी एका बाईची तपासणी केली होती. तिची शस्त्रक्रिया बाराव्या वर्षी झाली होती. वीस वर्षांनंतर ती चेहरे आणि वस्तू ओळखत होती. मेंदू इतका हट्टी आहे!

१६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न पाठवला होता. जन्मांधाला दृष्टी मिळाली, तर हाताने ओळखलेली वस्तू तो नुसती पाहून ओळखेल का? सव्वातीनशे वर्षं युरोपातले विद्वान त्यावर वाद घालत होते. २०११ मध्ये उत्तर दिलं ते भारतातल्या पाच मुलांनी. लगेच ओळखता येत नाही, पण थोड्याच दिवसांत येऊ लागतं.

त्या मुलांना दृष्टी मिळाली, याचा आम्हाला आनंद आहे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. ज्ञानाला आपल्यासारख्यांचे डोळे चालतात, आपल्यासारख्यांचा मेंदू तपासायला चालतो. मग तपासणाऱ्यांच्या टेबलावर आपण किती जण आहोत?

मेंदूच्या संस्थेत आरक्षण नको!

या प्रश्नाचं उत्तर आपल्या कायद्यातच लिहून ठेवलं आहे.

२००६ मध्ये संसदेने केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेशासाठी आरक्षणाचा कायदा केला. अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना ७.५ टक्के, ओबीसींना २७ टक्के. पण त्याच कायद्याचं कलम ४ वाचा. 'उत्कृष्टतेच्या', संशोधनाच्या आणि राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या म्हणून काही संस्थांची यादी परिशिष्टात दिली आहे. त्यांना हा कायदा लागू नाही. त्या यादीत हरियाणातल्या मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे. आपल्या मुंबईतली, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. २०१९ मध्ये शिक्षकांच्या नेमणुकांसाठी आरक्षणाचा कायदा झाला. त्यातही कलम ४, त्यातही परिशिष्ट, त्यातही याच संस्था.

म्हणजे देशाने ज्या संस्थेच्या नावातच 'मेंदू' लिहिला, तिलाच कायद्याने आरक्षणातून सूट! कोणती संस्था आपल्या मर्जीने काही जागा देत असेल तर देवो. मर्जी आणि हक्क यांतला फरक महाडच्या तळ्यावर गेलेल्या समाजाला शिकवण्याची गरज नाही.

आरक्षण लागू असलेल्या ठिकाणीही काय घडतं ते बघा. २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींनी पीएचडीला घेतलेल्या विद्यार्थ्यांत अनुसूचित जातींचे सुमारे ९ टक्के आणि जमातींचे सुमारे २ टक्के होते. सरकारने संसदेत दिलेली ही आकडेवारी आहे. दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली, २००७ मध्ये अहवाल दिला आणि भेदभाव होतो हे स्पष्ट लिहिलं. कायदा असताना ही गत, तर कायदाच नसताना काय असेल?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "संशोधनात फक्त मेरिट चालतं." मग त्यांना स्टीफन कफलर यांची गोष्ट सांगा. ह्यूबेल आणि वीझेल यांना आपल्या प्रयोगशाळेत एकत्र आणणारे ते हेच. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून निघालेले निर्वासित. ते शिकले होते पॅथॉलॉजी, चेतासंस्थेवरच्या प्रयोगांचा अनुभव नव्हता. सिडनीत टेनिसमुळे जॉन एकल्स यांची ओळख झाली आणि त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथे सोबतीला होते बर्नार्ड कात्झ, जर्मनीतून निघावं लागलेले ज्यू. कात्झना पुढे नोबेल मिळालं आणि कफलर यांनी अमेरिकेत मेंदूविज्ञानाची एक अख्खी पिढी घडवली. आधी जागा मिळाली, मग गुणवत्ता दिसली. दार उघडल्याने विज्ञान बुडालं नाही, उभं राहिलं. मग आपल्यासाठी दार उघडताना विज्ञान बुडण्याची भीती का वाटते?

आपली समज मात्र स्पष्ट असू द्या. आरक्षण म्हणजे दुबळ्या डोळ्यावर केलेली दया नाही. आळशी डोळ्यावर उपचार करताना पट्टी चांगल्या डोळ्यावर बांधतात, दिवसातले काही तास. तेव्हा त्याच्यावर अन्याय झाला अशी ओरड कोणी करत नाही. कारण दोन्ही डोळे काम करू लागले की खोली कळते, अंतर कळतं. एका डोळ्याने पाहणाऱ्या देशाला आपण काय गमावतो आहोत हेही कळत नाही.

आता काम

एक. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचे डोळे शाळेत जाण्याआधी तपासून घ्या, आणि एकेक डोळा झाकून तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे पथक कधी आलं होतं, ते अंगणवाडीताईंना विचारा. आलं नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी विचारा.

दोन. २००६ आणि २०१९ च्या कायद्यांतलं परिशिष्ट रद्द करा, ही मागणी आपल्या निवेदनांत आली पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी मोर्चा निघतो, तसा यासाठीही निघाला पाहिजे. आणि या संस्थांतल्या संशोधकांची व विद्यार्थ्यांची प्रवर्गनिहाय आकडेवारी माहितीच्या अधिकारात मागवा.

तीन. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनो, स्पर्धा परीक्षेच्या एकाच दारात सगळे गर्दी करू नका. मेंदूविज्ञानात या. समाजशास्त्रात येऊन आम्ही आमच्या वस्तीबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायला शिकलो. आपल्या मेंदूबद्दल दुसरे काय लिहितात, ते तपासणारंही आपल्यातलं कोणीतरी हवं.

तो मुलगा आता चष्मा लावतो आणि रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून अभ्यासिकेत बसतो. सात वर्षांनंतरही काही मुलांना उपचाराचा फायदा होतो, म्हणून डॉक्टरांनी प्रयत्न सोडलेला नाही. मागच्या तपासणीत त्याने डाव्या डोळ्याने वरच्या दोन ओळी वाचल्या.

त्याच्या आईला आम्ही सांगितलं, "ताई, डोळा आळशी नव्हता. त्याला जागा मिळाली नव्हती."

ती म्हणाली, "मग असं म्हणा की."

जय भीम!