आधी शेवट करून बघा

दोस्तांनो, या वेळी माझ्या टेबलावर आलेल्या पत्रांत एक पत्र असं होतं, की बाकीची बाजूला ठेवून आधी त्याचंच उत्तर लिहायला बसलो. लिहिणारी आठवीत आहे. नाव छापू नका म्हणालीय, म्हणून छापत नाही.

"काका, पुढच्या महिन्यात आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मला तिची फिल्म करायचीय. बाबांच्या आणि आईच्या मोबाइलवर मिळून साठ-सत्तर तुकडे आहेत. शिवाय आत्याच्या लग्नाची कॅसेट होती, तिची आम्ही डीव्हीडी करून घेतलीय. त्यात आमचे आजोबा आहेत. ते आता नाहीत. अख्ख्या डीव्हीडीत ते एकदाच बोलतात, 'अगं, चहा टाक जरा.' घरचा कम्प्युटर आठ-नऊ वर्षांचा आहे. सगळ्यात सोपं आणि फुकट सॉफ्टवेअर कोणतं? बाबा म्हणतात, नेटवर शंभर नावं येतात आणि प्रत्येक जण स्वतःलाच पहिला नंबर देतो."

बाबा बरोबर म्हणतात. आता माझीच फजिती ऐका.

भाच्याच्या मुंजीची फिल्म करायची म्हणून मी एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. दिसायला झकपक, 'फ्री' असं मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलेलं. तीन रात्री जागून तुकडे जुळवले, मातृभोजनाच्या वेळी सनई लावली, सगळं झोकात. चौथ्या रात्री फिल्म बाहेर काढायचं बटण दाबलं, तर चौकट उघडली : पैसे भरा, नाहीतर चित्रावर आमच्या नावाचा शिक्का बसेल. म्हटलं, बसेल कोपऱ्यात कुठेतरी. कसला कोपरा! बरोब्बर मधोमध, बटूच्या नाकावर. सगळे नातेवाईक फिल्म बघायला बसले आणि आमच्या मावशीबाईंनी विचारलं, "हे कोण रे? यांनी काय आहेर दिला?"

तेव्हापासून माझा एक नियम आहे. नवं सॉफ्टवेअर घेतलं की खरी फिल्म त्यात घालायचीच नाही. आधी एक मिनिटाची खोटी फिल्म करायची आणि ती शेवटपर्यंत न्यायची. अंगणातलं मांजर, भाजीवाला, काहीही चालेल. तीन तुकडे जोडा, एक मधे कापा, एक शीर्षक लिहा, थोडं संगीत घाला आणि मग 'एक्स्पोर्ट'चं बटण दाबून फिल्म बाहेर काढा. ती पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याच्या कम्प्युटरवर किंवा टीव्हीवर लावून बघा. शिक्का बसला का? आवाज ओठांशी जुळतोय का? पैसे मागितले का? अर्ध्या तासात निकाल लागतो. एखादं सॉफ्टवेअर सोपं आहे की नाही, हे त्याचं तोंड बघून कळत नाही. बाहेर पडताना कळतं.

शीर्षकात काय लिहायचं तेही सांगतो : 'सहस्रचंद्रदर्शन'. हसू नका, हा शब्द म्हणजे परीक्षेचा पेपर आहे. यात स्र आहे, द्र आहे, वर रफार असलेला र्श आहे. काही सॉफ्टवेअरना आपली जोडाक्षरं पेलत नाहीत. अक्षरं सुटी पडतात, हलन्तांची रांग लागते. तसं झालं तर आधी फाँट बदलून बघायचा. तरीही नाही जमलं, तर सरळ कोऱ्या कागदावर सुंदर अक्षरात शीर्षक लिहायचं, भोवती फुलं मांडायची आणि फोटो काढून तोच फिल्मच्या सुरुवातीला लावायचा. खरं सांगू का, मला तर तेच जास्त आवडतं.

आता कम्प्युटर. तो जुना असला की धापा टाकतो, पण त्याला शिव्या देण्याआधी थोडं गणित करू. मोबाइलच्या फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 3 बाइट धरले, तर एका चित्राला 62 लाख बाइट झाले. सेकंदाला अशी 30 चित्रं. म्हणजे एका सेकंदाला सुमारे 186 एमबी, आणि एका मिनिटाला 11 जीबीच्या वर! प्रत्यक्षात मोबाइल तेवढंच मिनिट शंभर-सव्वाशे एमबीत बसवतो. कसं? अधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच टिपून घेतो. आजी हलली, मागची भिंत तीच. हे साठवायला छान, पण कापायला कटकटीचं. मधल्याच एका चित्रावर बोट ठेवलं, की कम्प्युटरला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तिथपासून सगळं पुन्हा रचत यावं लागतं. म्हणून तो अडखळतो.

यावर उपाय आहे. त्याला 'प्रॉक्सी' म्हणतात. सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याची एक हलकी, कमी ठिपक्यांची प्रत करतं. तुम्ही काम त्या प्रतीवर करायचं, आणि शेवटी फिल्म बाहेर काढताना ते आपणहून मूळ तुकडे वापरतं. जुना कम्प्युटर असेल तर ही सोय असलेलंच सॉफ्टवेअर घ्यावं. 'शॉटकट'मध्ये ती आहे, 'केडेनलाइव्ह'मध्येही आहे. दोन्ही अगदी फुकट आहेत, शिक्का नाही की मुदत नाही, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात.

आठ-नऊ वर्षांच्या कम्प्युटरसाठी माझं मत शॉटकटला. पहिल्यांदा उघडलं की सगळं रिकामं रिकामं दिसेल आणि ओशाळल्यासारखं होईल, पण घाबरू नका. खाली 'टाइमलाइन' असते, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. तिच्यावर तुकडे ओळीनं टांगायचे. उभी रेघ हवी तिथं आणून एस दाबलं की तुकडा कापला जातो, नको तो भाग निवडून एक्स दाबलं की तो जातो आणि पुढचे तुकडे सरकून जागा भरतात. घरच्या फिल्मचं निम्मं काम या दोन बटणांत होतं. शीर्षकं लिहायची पद्धत मात्र जरा द्राविडी प्राणायामाची आहे, हे कबूल.

'ओपनशॉट' दिसायला याहून सोपं आहे, तेही तसंच फुकट. लहान फिल्मला चांगलं. तुकडे फार झाले की माझ्याकडे ते कधीकधी मधेच बंद पडलंय, म्हणून दर पाच मिनिटांनी सेव्ह करायचं. घरी मॅक असेल तर प्रश्नच मिटला, 'आयमूव्ही' आहेच. विंडोज 11 असेल तर 'क्लिपचॅम्प' हाताशी असतं. त्याच्या फुकट भागातही फुल एचडी फिल्म बिनशिक्क्याची निघते, फक्त त्यातलं पैशांचं संगीत किंवा चित्रं चुकून उचलायची नाहीत. आणि कुणी दादा येऊन 'दाविंची रिझॉल्व्ह' घे म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते फार मोठं आहे, चित्रपटवाले वापरतात, फुकटही मिळतं, पण या कम्प्युटरला ते झेपणार नाही.

बाबांना कदाचित 'मूव्ही मेकर' आठवत असेल. 2000 सालच्या विंडोज एमई बरोबर ते आलं, आणि फारच सोपं होतं. जानेवारी 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलं. लगेच त्याच नावाची नकली सॉफ्टवेअर नेटवर फिरू लागली, फिल्म सेव्ह करायची म्हटलं की पैसे मागणारी. म्हणून आईबाबांनो, उतरवताना जवळ बसा. ज्याचं सॉफ्टवेअर त्याच्याच साइटवरून घ्या, जाहिरातीतल्या हिरव्यागार बटणावरून नको.

एक गोंधळ फार मुलं करतात. काम करताना तुम्ही जे सेव्ह करता, ती फिल्म नसते. ती 'प्रोजेक्ट फाइल' असते. आमटीची कृती लिहिलेला कागद समजा : एवढी डाळ, एवढा गूळ, अमुक वेळी फोडणी. डाळ काही कागदात नसते. शाळेत नुसता कागद नेलात तर बाई वाढणार काय? फिल्म हवी तर ती एक्स्पोर्टच करावी लागते. आणि अर्ध्यावर असताना मूळ तुकडे दुसऱ्या फोल्डरात हलवले, तर कृती डाळ शोधत बसते. म्हणून पहिल्याच दिवशी एकच फोल्डर करायचा, सगळे तुकडे त्यात आणायचे आणि काम संपेपर्यंत त्यांची जागाही बदलायची नाही, नावंही नाही.

याच कृतीचा एक मोठा फायदाही आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला. त्या काळी संकलन म्हणजे खरोखरची कात्री, कापलं ते कापलं. सॉफ्टवेअर मूळ तुकड्याला हातच लावत नाही, फक्त कुठून कुठपर्यंत दाखवायचं ते कागदावर लिहून ठेवतं. हजार वेळा चुकलात तरी मूळ तसंच राहतं. हां, तुम्हीच डिलीट केलं तर गोष्ट वेगळी.

तर माझ्या आठवीतल्या मैत्रिणी, पहिलं काम सॉफ्टवेअर नाही. आज संध्याकाळी बाबांना घेऊन बस आणि त्या डीव्हीडीच्या दोन प्रती कर, एक कम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर. घरी लिहिलेल्या डीव्हीडी खराब होतात, आणि आजोबा दुसरीकडे कुठेच बोलत नाहीत. डीव्हीडीत व्हीओबी नावाच्या फाइली दिसतील, त्या शॉटकट उघडतं. रविवारी मांजराची फिल्म करून बघ. ती धड बाहेर पडली तरच आजीची सुरू कर.

जुनं चित्र चौकोनी असेल, मोबाइलचं आडवं. कडेला काळे पट्टे दिसतील ते राहू देत. ताणून पडदाभर केलंस तर लग्नातले सगळे जाड दिसतील आणि आत्या तुझ्याशी बोलणार नाही.

आणि आजोबांच्या त्या वाक्याखाली संगीत घालू नकोस. मागे पंगतीचा गलबला असेल, भांड्यांचा आवाज असेल, तोही पुसू नकोस. ते बोलण्याआधी दोन-तीन सेकंद मोकळी सोड, म्हणजे आजीला कळेल की आता काहीतरी येतंय.