साखळीची कुरकुर वेळीच ऐकावी

जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा ओलांडून धुळ्याकडे जाणारा महामार्ग खानदेशातील व्यापारी घरांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्याचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. दारात चारचाकी उभी असली, तरी आडगावची उधारी आणायला, डाळीचे नमुने पोहोचवायला किंवा दुकानाची वेळ गाठायला घरातील तरुण अजूनही दुचाकीच काढतात. या गाडीचे ऑइल कधी बदलले हे सर्वांच्या लक्षात असते. चेनची आठवण मात्र ती खडखडू लागल्यावर होते.

हा विलंब महागात पडतो. धावत्या गाडीची चेन तुटली, तर ती पुढच्या चक्राशी गोळा होऊन इंजिनाचे आवरण फोडू शकते, किंवा मागच्या चाकात अडकून ते जागीच रोखू शकते. मागे आई किंवा बहीण बसलेली असेल, तर परिणामाची कल्पना न केलेली बरी.

आजच्या चेनची मूळ रचना हान्स रेनोल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध केली. चेन ‘ताणली जाते’ असे आपण म्हणतो. वस्तुतः लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीची नळी थोडीथोडी झिजते. शंभराहून अधिक सांध्यांची झीज एकत्र होऊन चेन लांबते. उन्हाळ्यात तापी खोऱ्यातील काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यात तिचाच चिखल तेलात मिसळला, की ते मिश्रण कानसीसारखे घासू लागते. म्हणून तेल भरमसाट घालणे ही काळजी नव्हे. पातळ थर देऊन वरचे तेल पुसून घेणे, ही काळजी.

झीज ओळखण्यासाठी एक मोजपट्टी पुरे. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ क्रमांकाची चेन असते आणि तिच्या दोन पिनांतील अंतर १२.७ मिलिमीटर असते. चेन ताणून धरून एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिलिमीटर भरते. ते २५९ च्या घरात गेले, म्हणजे झीज दोन टक्क्यांवर पोहोचली. आता चेन बदलावी. स्प्रॉकेटचे दात लाटेसारखे एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील, तर मोजण्याचीही गरज नाही.

येथे व्यापारी मनाला एक मोह होतो : चेन नवी घ्यावी आणि चक्रे जुनीच चालवावीत. हा हिशेब तोट्याचा आहे. जुन्या दातांची ठेवण लांबलेल्या चेनप्रमाणे घडलेली असते. त्यावर नवी चेन बसवली, तर तीही लवकरच तशीच होते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण संच एकाच वेळी बदलावा. दातांची व कड्यांची संख्या जुन्या संचाशी जुळवून पाहावी.

काम घरच्या अंगणात होण्याजोगे आहे. गाडी थंड असावी, डबल स्टँडवर असावी आणि किल्ली काढून खिशात ठेवलेली असावी. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडके लावण्याची सवय बोटे गमावण्याचा सरळ मार्ग आहे. चाक हातानेच फिरवावे.

आवरणे उघडल्यावर जुनी चेन जागेवर असतानाच पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करावेत. गाडी गिअरमध्ये टाकून एकाने मागचा ब्रेक दाबला, की चक्र फिरत नाही. मग चेनचे लॉक काढून चेन उतरवावी. ब्रेकचा रॉड, त्याचा आधार आणि एक्सलचा नट सोडवून चाक बाहेर घ्यावे. मागचे स्प्रॉकेट बदलताना हबमधील रबरही पाहावेत. ते दबलेले असतील तर तेही बदलावेत.

नवी चेन चढवल्यावर लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेकडे ठेवावे. ती उलटी बसली, तर निसटण्याचा धोका असतो. चेनचा सैलपणा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. अनेक साध्या गाड्यांत तो २० ते ३० मिलिमीटर असतो. चाक पूर्ण फिरवून जेथे चेन सर्वांत घट्ट लागते, तेथेच तो मोजावा. दोन्ही बाजूंच्या खुणा समान असाव्यात, म्हणजे चाक सरळ राहते. शेवटी एक्सलचा नट घट्ट करून ब्रेक पुन्हा जुळवावा. नट पुरेसा आवळला गेला आहे की नाही, अशी शंका असल्यास गॅरेजमध्ये तपासून घेण्यात कमीपणा नाही. पहिली फेरी गल्लीतच, सावकाश आणि ब्रेक दाबून पाहत घ्यावी.

चेनचे आवरण आणि मागच्या चाकाची जाळी परत बसवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. मागे बसणाऱ्याचे वस्त्र अडकू नये म्हणून निम्म्या चाकाला संरक्षण असावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो. साडी किंवा ओढणी चाकात गुंतण्यास क्षणही पुरतो.

धुण्यासाठी वापरलेले रॉकेल आणि काळे तेल अंगणात ओतू नये. तेथे मुंग्यांची रांग असते, खाली जमीन असते. ते डब्यात साठवून गॅरेजच्या वापरलेल्या तेलात द्यावे. काही शे किलोमीटर झाल्यावर सैलपणा पुन्हा मोजावा, कारण नवी चेन सुरुवातीला थोडी बसते. ती तारीख आणि मीटरचा आकडा खर्चाच्या वहीत लिहून ठेवला, तर पुढच्या वेळी खडखडाटाची वाट पाहावी लागणार नाही.