दाजी, मनगट फिरवा!

आमचे मेव्हणे नांदेडचे. कॅरमवर पावडर टाकली की स्ट्रायकर सुसाट सुटतो, हे त्यांना मान्य, पण पुण्यात बोलिंग खेळताना माझा गोळा सरळ गेला की ओरडतात, "दाजी, मनगट फिरवा!" अहो, फिरवून काय होणार? त्या 60 फुटी पट्टीवर पहिल्या 40 फुटांना, थोडं इकडेतिकडे, मुद्दाम तेल फासलेलं असतं. तेलात फिरकी धरतच नाही; वळायचं ते पुढच्या कोरड्या भागात, तेही गोळा खरबरीत असेल तर. भाड्याचा गुळगुळीत प्लॅस्टिकचा गोळा कुठला वळतोय! लातूरला तेलगिरणीच्या दारात मी घसरलो, तेव्हा कुणी माझ्या मनगटाला बोल लावला नव्हता.

मेव्हण्यांना पटेल तर शपथ. वळेल या भरवशावर त्यांनी गोळा उजव्या कडेनं सोडला. तो गरगर फिरत, नाकासमोर चालत, सरळ गटारात गेला.