पाच तारे कुणी दिले?



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर वस्तीतील एक मावशी आमच्याजवळ येऊन बसल्या. धुणीभांडी करून साठविलेल्या पैशांतून त्यांनी मोबाईलवरून मिक्सर मागविला होता. त्याखाली शेकडो लोकांनी 'उत्तम, टिकाऊ' असे लिहून पाच-पाच तारे दिलेले. तिसऱ्या आठवड्यात मोटार जळाली. "भाऊ, एवढी माणसं एकदम खोटं कशी बोलतील?" असे त्यांनी विचारले.

उत्तर त्यांच्याच मुलाने दिले. मुलगा बी.ए. झालेला, कामाच्या शोधात. कुणीतरी त्याला मोबाईलवरील एका ग्रुपमध्ये घेतले आणि न पाहिलेल्या हॉटेलांना तारे द्यायला लावले. एका अभिप्रायाला पन्नास रुपये. दोन दिवस पैसे आले, मग 'मोठ्या कामासाठी आधी दोन हजार भरा' असा निरोप आला. भरले, ते बुडाले. आईला हे त्या दिवशीच कळले. एकाच घरात खोट्या ताऱ्यांनी फसलेलीही आणि खोटे तारे देणाराही!

सरकारने काहीच केले नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ई-कॉमर्सचे नियम २०२० साली आले. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालावर अभिप्राय लिहू नये, असे त्यांत स्पष्ट आहे. पुढे भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. १९०००:२०२२ हे मानक २५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले. लिहिणारा खरा माणूस आहे की नाही हे तपासावे, पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असे ते सांगते. पण ते ऐच्छिक ठेवले गेले! चोराने स्वेच्छेने चोरी सोडावी, तसलाच हा प्रकार. मे २०२४ मध्ये ते सक्तीचे करण्याचा प्रस्ताव ग्राहक व्यवहार विभागाने मांडला. अमेरिकेत मात्र २१ ऑक्टोबर २०२४ पासून खोटे अभिप्राय विकणे आणि विकत घेणे, दोन्हींवर नियमाने बंदी आहे.

त्या मुलावर आम्हाला राग धरवत नाही. पदवी घेऊन रिकाम्या बसलेल्या पोराला पन्नास रुपये मोठे वाटतात. तरी दर पौर्णिमेला आपण पंचशील ग्रहण करतो, त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. बोटाने दाबलेला तारा हेही बोलणेच. त्याने दिलेल्या ताऱ्यांवर भरवसा ठेवून दुसऱ्या कुण्या मावशीने पैसे मोजले असतील, हे त्याला आम्ही सांगितले. तो गप्प राहिला.

मावशींची तक्रार आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवून दिली. तेथे न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस तेथे फी लागत नाही. मुलाच्या पैशांसाठी १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लावला. तेथे फोन जितका लवकर जाईल, तितकी रक्कम अडविली जाण्याची आशा जास्त. त्याने लाजेपायी बारा दिवस घालविले होते.

ज्यांची अशी फसवणूक झाली असेल त्यांनी बिल, पैसे भरल्याची नोंद आणि त्या अभिप्रायांचे मोबाईलवर काढलेले फोटो जपून ठेवावेत. अर्ज लिहिता येत नसेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. आम्ही लिहून देऊ.