वाईट बातमी मुलांना कोणी सांगायची?



26 जानेवारी 2001. मी पाचवीत होतो. धुळे तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत झेंडावंदन झालं, गोळ्या-बिस्किटं मिळाली, आम्ही उड्या मारत घरी आलो. दुपारी शेजारच्या टीव्हीसमोर मोठी माणसं गप्प उभी होती. गुजरातमध्ये भूकंप झाला होता. आम्हाला मात्र ‘जा, खेळा’ म्हणून हाकललं. त्या रात्री मी भिंतीपासून लांब अंथरूण टाकलं. का, ते कोणालाच सांगितलं नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत गुरुजींनी नकाशा टांगला. भूज कुठे, धुळे कुठे, बोट ठेवून दाखवलं. मग विचारलं, “कोणाकोणाला भीती वाटली?” सगळ्या वर्गाचे हात वर! माझी अर्धी भीती तिथंच गेली. कच्छमधल्या अंजार गावात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली 185 मुलं आणि 20 शिक्षक ढिगाऱ्याखाली गेले, हे पुढे कळलं. ती मुलंही आमच्यासारखीच झेंडावंदनाला निघालेली होती.

आता मी जळगाव जिल्ह्यात शिकवतो. 22 जानेवारी 2025 ला पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्सप्रेसचा अपघात झाला. दुसऱ्या दिवशी तिसरीतला एक मुलगा म्हणाला, “सर, मी व्हिडिओ पाह्यला.” दुसरा म्हणाला, गाडी जळाली. तिसरा म्हणाला, बॉम्ब होता.

मी फळ्यावर दोन रूळ काढले. आग लागल्याची नुसती अफवा होती. साखळी ओढली गेली, घाबरलेली माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि तिकडून कर्नाटक एक्सप्रेस आली. आग नव्हतीच, जीव मात्र गेले. वर्ग शांत झाला. मग प्रश्न सुरू झाले.

एका पालकांनी नंतर विचारलं, “एवढ्याशा लेकरांना कशाला सांगता सर?” त्यांची काळजी खरी आहे. पण बातमी आपल्याआधी मोबाईलनं सांगितलेली असते, तीही अर्धवट. आपण गप्प बसलो तर मूल अफवेसोबत एकटं राहतं.

म्हणून माझं मत असं : आधी मुलांनी काय ऐकलं ते विचारा. चुकीचं असेल ते दुरुस्त करा. मृतदेहांचे फोटो, व्हिडिओ दाखवू नका. ‘घाबरू नको’ म्हणण्याआधी ‘भीती वाटली का?’ एवढं विचारा.

त्या दिवसाच्या पाठाला उशीर झाला तरी चालेल.